गोंदवून घेण्याआधी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

टॅटू काढून घ्यायला निघालेली मुलं-मुली माझ्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञाला बहुधा दोनच प्रश्न विचारतात. ‘खूप दुखतं का हो?’ हा पहिला, आणि ‘पुढे नकोसा झाला तर काढता येतो ना?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं मी देणारच आहे. पण तुमची तब्येत ज्यांच्यावर अवलंबून असते, ते प्रश्न वेगळे आहेत. सुई कशी आहे? शाई कसली आहे? तुमच्या कातडीचा स्वभाव कसा आहे? आणि गोंदवायची जागा कोणती? हे चार प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आज मी प्रामुख्याने त्यांच्याविषयी बोलणार आहे.

गोंदण आपल्याला नवं नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके असत. हातावर तुळशीवृंदावन असे, कुणाच्या मनगटावर विंचू, कुणाच्या दंडावर नाव. मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी जुन्या बायकांची श्रद्धा होती. जगातही ही गोष्ट फार जुनी आहे. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात गोठलेला एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आहेत. नवं आहे ते यंत्र. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. एडिसनच्या विजेच्या पेनवरून त्याने ही कल्पना उचलली होती. यंत्रामुळे वेग वाढला, नक्षी बारीक झाली, रंग आले. पण मूळ क्रिया तीच राहिली. सुईने कातडीला भोक पाडायचं आणि त्यात रंग सोडायचा.

ही क्रिया नीट समजून घेतली की पुढची सगळी काळजी आपोआप कळते. आपली कातडी ढोबळमानाने दोन थरांची असते. वरची बाह्यत्वचा सतत झडत असते आणि साधारण महिन्याभरात नवी होते. रंग तिथे ठेवला तर तो मेंदीसारखा काही आठवड्यांत निघून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या अंतस्त्वचेपर्यंत, म्हणजे एक ते दोन मिलिमीटर खोल जावी लागते. या थरात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतूंची टोकं असतात. म्हणूनच दुखतं आणि म्हणूनच थोडं रक्त येतं. यंत्राची सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा खालीवर होते. तळहाताएवढ्या चित्रासाठी किती हजार भोकं पडत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता शरीराच्या बाजूने पाहा. शरीराला चित्र कळत नाही. त्याच्या दृष्टीने बाहेरचा कचरा आत घुसलेला असतो. तो गिळून टाकायला भक्षक पेशी धावतात. त्या रंगाचे कण गिळतात खऱ्या, पण ते पचवू शकत नाहीत. पोटात रंग घेऊन त्या तिथेच बसून राहतात. त्यातली एखादी पेशी मेली की तिचा रंग मोकळा होतो आणि शेजारची नवी पेशी तो गिळते. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवून दिलं. म्हणजे गोंदण टिकतं ते शरीर त्याच्याशी कायम झगडत असतं म्हणून. थोडा रंग तिथून निघून काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींमध्येही जाऊन बसतो. पुढे कधी या गाठींची तपासणी करायची वेळ आली, तर ‘मी गोंदवलेलं आहे’ हे डॉक्टरांना जरूर सांगावं.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. गोंदण हे कातडीवर काढलेलं चित्र नव्हे. ती एक जखम आहे आणि त्या जखमेत आयुष्यभरासाठी एक परका पदार्थ ठेवलेला आहे. जखम म्हटली की स्वच्छता आली. परका पदार्थ म्हटला की तो काय आहे, याची चौकशी आली.

आधी सुईकडे वळू. जत्रेत, उरुसात, तीर्थक्षेत्राच्या वाटेवर गोंदणारे बसलेले असतात. समोर नक्ष्यांचा तक्ता, शेजारी बॅटरी, हातात यंत्र. एकाचं नाव कोरून झालं की सुई फडक्याने पुसायची आणि पुढच्याचा हात धरायचा. खरा धोका इथे आहे. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीचे विषाणू आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरतात. त्यातला ‘ब’ काविळीचा विषाणू फार चिवट आहे. शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सुईवर रक्त दिसत नाही म्हणजे ती स्वच्छ आहे, असं मुळीच नाही. फडक्याने पुसून, स्पिरिटचा बोळा फिरवून किंवा लायटरवर क्षणभर धरून सुई निर्जंतुक होत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ. सुईच्या बाबतीत तर तोही नको. प्रत्येक माणसाला नवी सुई, एवढा एकच नियम पाळावा.

पण नुसती सुई नवी असून भागत नाही. सुई ज्या टोपणात बुडवतात, त्या शाईचं काय? आधीच्या गिऱ्हाइकासाठी ओतलेली शाई टोपणात उरली असेल आणि तुमची नवी सुई त्यातच बुडवली, तर सुई नवी असून उपयोग काय? म्हणून खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी डोळ्यांनी पाहा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का? शाई नव्या टोपणात, तुमच्यासमोर, तुमच्यापुरती ओतली जाते का? उरलेली फेकून दिली जाते का? कारागीर हात धुऊन नवे हातमोजे घालतो का, आणि मध्येच मोबाइल उचलला तर ते बदलतो का? यंत्र, त्याची वायर, हात टेकवायची उशी यांना नवं प्लॅस्टिकचं आवरण असतं का? हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात. ज्याला राग येतो, त्याच्याकडून सरळ उठून यावं.

मोठ्या शहरांत काचेची दारं असलेले, वातानुकूलित स्टुडिओ निघाले आहेत. तिथे साधारणपणे जास्त काळजी घेतली जाते, पण काच आणि गारवा म्हणजे स्वच्छता नव्हे. आपल्याकडे गोंदवण्याचा धंदा सुरू करण्यासाठी देशभर सक्तीचा असा वेगळा अभ्यासक्रम किंवा परवाना नाही. त्यामुळे तपासणीचं काम गिऱ्हाइकालाच करावं लागतं.

आता शाई. जुनं गोंदण काजळीचं असे. काजळी तर काळी, मग आजीच्या हनुवटीवरचा ठिपका हिरवट का दिसायचा? कारण तो कातडीच्या खाली असतो. वरच्या थरातून जाताना प्रकाश विखुरतो आणि खालचा काळा रंग आपल्याला निळसर-हिरवा भासतो. आजच्या शायांमध्ये मात्र काजळीखेरीज नाना तऱ्हेचे कृत्रिम रंग असतात. त्यातले कित्येक मुळात गाड्यांचे रंग, प्लॅस्टिक, छपाई अशा कामांसाठी तयार झालेले आहेत. कातडीच्या आत आयुष्यभर राहायचं, या हेतूने ते कुणी बनवलेले नव्हते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने शाईच्या नमुन्यांत जड धातू आढळल्याचं सांगून केंद्राने नियम करावेत, अशी मागणी केली. म्हणून बाटलीवर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि घटक छापलेले आहेत का, ते पाहा. त्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे ॲलर्जी उठली, तर तो फोटो तुमच्या डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो.

सगळ्या रंगांत लाल रंगाची ॲलर्जी जास्त दिसते. तीही लगेच उठते असं नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा चित्रातला फक्त लाल भाग खाजायला आणि फुगायला लागतो. काळा भाग शांत असतो. अशा वेळी औषधाने आराम पडतो, पण कारण आतच बसलेलं असल्याने त्रास पुन्हा उलटू शकतो.

शाईत नळाचं पाणी घालून ती पातळ करणं, हा आणखी एक धोका. पाण्यात क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ शोभतील असे काही जंतू असतात. प्यायला ते सहसा बाधत नाहीत, पण कातडीखाली गेले की महिनोन्महिने गाठी आणि फोड येत राहतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात १९ जणांना असा संसर्ग झाला. तिथे तर जंतू निघाले ते आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईत. नेहमीच्या मलमांनी हे दुखणं बरं होत नाही. खास औषधं बराच काळ घ्यावी लागतात.

‘आम्ही कायमचं नाही, तात्पुरतं काढतो,’ असं सांगणारेही असतात. समुद्रकिनाऱ्यावर किंवा प्रदर्शनात ‘काळी मेंदी’ लावून देतात. खरी मेंदी कधीच काळीकुट्ट रंगत नाही. ती केशरी-तपकिरी रंगते आणि रंगायला काही तास घेते. अर्ध्या तासात काळाभोर रंग चढला, तर त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असण्याची दाट शक्यता. त्याने कातडीवर चित्राच्या आकाराचे फोड येतात आणि मग पुढे कलप लावायचीही सोय राहत नाही.

तिसरा प्रश्न कातडीच्या स्वभावाचा. काही जणांची जखम भरताना गरजेपेक्षा जास्त भरते. टाचणी टोचली तरी तिथे टणक, फुगीर व्रण वाढत जातो. याला केलॉइड म्हणतात. गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत त्याचं प्रमाण जास्त असतं, आणि छाती, खांदा, कानाची पाळी या जागा त्याच्या आवडत्या. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर तुमचा व्रण असा वाढला असेल, तर गोंदवून घेऊ नका.

सोरायसिस, लायकेन प्लॅनस आणि कोड या आजारांत तर एक विचित्र गुण आहे. कातडीला जिथे इजा होते, नेमका तिथेच आजार उगवतो. कोडाचे पांढरे डाग झाकण्यासाठी म्हणून कुणी परस्पर गोंदवून घेतात. आजार पसरत असताना असं केलं, तर झाकलेल्या डागाच्या कडेने नवा डाग फुटतो. आधी रंग आणि त्याभोवती पांढरी किनार, असं दुप्पट दुःख पदरी येतं. या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असाल, तरीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. गर्भारपणात हा विषय बाजूलाच ठेवावा. आणि अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी मुळीच नको. ज्या वयात आवडता नट दर वर्षी बदलतो, त्या वयात कातडीवर कायमचा करार कशाला?

चौथा प्रश्न जागेचा. तिळावर कधीही गोंदवू नका. तीळ वाढला, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर ते धोक्याचं लक्षण असू शकतं, आणि रंगाखाली ते दिसणारच नाही. बोटं आणि तळहात इथला रंग लवकर विरतो. पोटावरचं चित्र वजनाबरोबर आणि बाळंतपणात ताणलं जातं. अक्षरं बारीक असतील तर वर्षागणिक रेघा पसरतात आणि अनुस्वार, वेलांट्या एकमेकांत मिसळतात. शिवाय नाव किंवा श्लोक गोंदवणार असाल, तर ऱ्हस्व-दीर्घ जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. वहीतली चूक खोडता येते, दंडावरची वेलांटी खोडता येत नाही.

जागेचा संबंध नोकरीशीही येतो, आणि गावोगावी सैन्यभरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांनी हे नीट ऐकावं. भारतीय सैन्यात कायमचं गोंदण चालतं, ते हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. इतर जागी ते असेल, तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाचा वेगळा विचार केला जातो. निमलष्करी दलांत तर डाव्या हातालाच परवानगी आहे, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो. चित्राच्या आकारालाही तिथे मर्यादा आहे. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः वाचा. वर्षभराची धावपळ दंडावरच्या एका वाघापायी वाया जायला नको.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे येते. दुखतं का? दुखतं. बरगड्या, घोटा, मनगट, पाठीचा कणा, म्हणजे जिथे हाड वरच आहे तिथे जास्त, दंडावर कमी. दुखू नये म्हणून बधिर करणारं मलम मोठ्या भागावर थापून वर प्लॅस्टिक गुंडाळायची पद्धत पडली आहे. ती धोक्याची आहे. मलमातलं लिडोकेन जास्त प्रमाणात रक्तात उतरलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येऊ शकतात. जाताना पोटभर जेवून जावं. दारू पिऊन जाऊ नये. चक्कर आली, तर काम थांबवायला सांगावं. मोठं चित्र एकाच बैठकीत संपवायचा हट्ट धरू नये.

पुढचे दोन-तीन आठवडे जखमेचे समजा. साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, सांगितलेलं मलम पातळ लावा. हळद, तेल, राख, टूथपेस्ट यातलं काहीही नको. खपली धरेल, खाज सुटेल, पण नख लावू नका. विहिरीत, तलावात पोहणं आणि कडक ऊन टाळा. थोडी लाली आणि सूज पहिले काही दिवस असतेच. पण लाली पसरत चालली, पू आला, ताप भरला किंवा महिन्यानंतरही गाठी दिसल्या, तर गोंदणाऱ्याकडे न जाता डॉक्टरांकडे जा. गोंदवल्यावर एक वर्ष रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. एमआरआय काढायची वेळ आली, तर तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. क्वचित त्या जागी चुरचुर किंवा गरम वाटतं, पण त्यासाठी तपासणी टाळायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न, काढता येतं का? बरंचसं येतं, सगळं नाही. लेसरचा झोत रंगाच्या कणांचा चुरा करतो आणि तो चुरा शरीर हळूहळू वाहून नेतं. काळा रंग त्यातल्या त्यात चांगला जातो. हाताने टोचलेलं जुनं काजळीचं गोंदण सहसा कमी खेपांत निघतं. हिरवा, पिवळा फार त्रास देतात. खेपा अनेक, दोन खेपांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर, म्हणजे वर्ष-दीड वर्ष त्यातच जातं. सावळ्या कातडीवर पांढरट किंवा काळपट डाग उरण्याचा धोका राहतो. काढायला लागणारा खर्च काढून घेताना झालेल्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. बाजारात मिळणारी ‘टॅटू घालवायची’ क्रीम रंगापर्यंत पोचतच नाहीत, आणि ॲसिडने जाळून घेण्याचा अघोरी उपाय केला, तर गोंदणाच्या जागी कायमचा व्रण येतो.

तेव्हा हौस असेल तर जरूर करा, पण घाई नको. निवडलेलं चित्र त्याच जागी साध्या मेंदीने काढून घ्या आणि दोन-तीन आठवडे आरशात पाहा. रंग उतरल्यावरही ते हवंसं वाटलं, तर पुढे जा. त्याआधी ‘ब’ काविळीची लस पुरी करा. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती २०११ च्या सुमारास देशभर आली, त्यामुळे आजच्या बऱ्याच तरुणांना ती मिळालेली नसते. तीन डोस लागतात. पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. ‘क’ काविळीवर लस नाही, तिथे नवी सुई हीच लस.

आणि ज्यांनी पूर्वी कधी जत्रेत, मित्रांबरोबर, एकाच सुईने गोंदवून घेतलं आहे, त्यांना माझं शेवटचं सांगणं. घाबरू नका, पण एकदा रक्त तपासून घ्या. ‘ब’ आणि ‘क’ कावीळ कित्येक वर्षं काहीही लक्षण न दाखवता यकृत पोखरत राहतात. सरकारी रुग्णालयांतल्या केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त ठेवून केली जाते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून दोन्ही काविळींची तपासणी आणि उपचारही मोफत मिळतात. ‘क’ कावीळ आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची पूर्ण बरी होते, आणि ‘ब’ कावीळ औषधांनी ताब्यात ठेवता येते. हातावरचं नाव तसंच राहू द्या, त्याला काही करू नका. रक्त मात्र एकदा तपासा.